पाटावरचा एक्सटेंडर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. कुणाच्या मामांना घाटात लिफ्ट मागणारा माणूस भेटतो, कुणाच्या वहिनीला विहिरीजवळ पांढरी साडी दिसते... मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ‘मॅडम, भूत असतं का?’ असं विचारणाऱ्या पोरांना माझं वर्षानुवर्षं एकच उत्तर आहे — असेल तर त्याचं वस्तुमान सांग, मग पुढं बोलू. तेव्हा मीच आज इथं लिहायला बसलेय याची माझ्या नवऱ्याला फार गंमत वाटतेय. विलास मागून डोकावून वाचतोय आणि म्हणतोय, तुझा एखादा विद्यार्थी वाचेल हं. वाचू दे.

आधीच सांगून टाकते, अंगावर काटा आणणारं यात काही नाही आणि शेवट चांगला आहे. इतका चांगला, की तो आठवला की मी अजूनही हातातलं काम थांबवून एक मोठा श्वास घेते. फक्त मधे एक गोष्ट अशी आहे जी मला कुठल्याच सूत्रात बसवता आलेली नाही.

आम्ही महागावला राहतो, यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आमचं घर लांबट आहे. पुढं हॉल, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मग फरशीचं अंगण, अंगणात एक कडुनिंब आणि त्याच्या पलीकडे मागची खोली. ही खोली आधीच्या मालकांनी कापूस भरून ठेवायला बांधली होती. भाव चढेपर्यंत कापूस घरातच ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे, त्यामुळे खोली मजबूत — हातभर जाडीच्या दगडी भिंती, वर टिनाचे पत्रे, अंगणाकडे एक दार आणि एक बारकी खिडकी. मागच्या बाजूला शेजाऱ्यांनी नवीन दुमजली बांधलं, तेव्हापासून तिथं मोबाइलची रेंजसुद्धा येत नाही. फोन आत नेला की तो घड्याळापुरताच उरतो.

या खोलीत माझे बाबा राहतात. आई गेल्यावर मी त्यांना बाभुळगावहून इकडे आणलं. पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणाचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलं, आणि स्वभावही तसाच आखीव. मी मधली खोली रिकामी करून दिली होती. पलंग लावला, पडदे बदलले. बाबांनी सगळं बघितलं, चांगलं आहे म्हणाले आणि सामान उचलून मागच्या खोलीत गेले.

"लेकीच्या घरी मंधात मंधात कायले लुडबुड करू?" एवढंच स्पष्टीकरण.

मला त्यांचं हे फार लागायचं. लेकीच्या घरी आपण पाहुणे आहोत हे त्यांच्या डोक्यातून निघतच नव्हतं. दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. पाणी संपलं तर स्वतः तांब्या घेऊन येणार. बल्ब गेला तर रात्रभर अंधारात बसणार आणि सकाळी चहाच्या वेळी सांगणार, "सवड भेटली तं पाह्य एखांद्या वेळी." त्यांना साखरेचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. एखाद्या दिवशी खोलीत काही झालं तर हा माणूस हाक मारेल की नाही, ही माझी धास्ती होती. विलासला मी बोलून दाखवायचे. तो म्हणायचा, त्यांना तसं बरं वाटतं तर राहू दे.

त्यांची एकच चैन होती — सलीमकाका. नोकरीच्या सुरुवातीला बाबा फुलसावंगीला होते, तेव्हापासूनची दोस्ती. सलीमकाकांचं तिथं पंपाच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून द्यायचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. दोघांचा बुद्धिबळाचा डाव तेव्हापासून चालू आहे. गुडघ्यांमुळे काकांना एसटी चढवत नाही, म्हणून हे दोघं व्हिडिओ कॉलवर खेळतात. इकडे एक पट, तिकडे एक पट, आणि प्रत्येकजण दुसऱ्याची सोंगटी आपल्या पटावर हलवतो. सलीमकाका चाल मागे घेतात यावरून दर दोन दिवसांनी भांडण.

हे सगळं हॉलमध्ये चालायचं, कारण वायफाय फक्त तिथं. पण माझ्याकडे मुलं शिकवणीला आली किंवा विलासकडे कुणी आलं, की बाबा अर्धा डाव सोडून उठायचे. मी कितीदा म्हटलं, बसा हो. नाही. शेवटी त्यांनी खेळणंच बंद केलं आणि हळूहळू बोलणंही कमी झालं. जेवणात लक्ष लागेना. मग मीच ठरवलं, वायफाय त्यांच्या खोलीपर्यंत न्यायचा, आणि रेंज एक्सटेंडर मागवला.

साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा पांढरा डबा, मागं थेट सॉकेटमध्ये घालायच्या पिना. मोठ्या थाटात मी तो बाबांच्या खोलीत लावला आणि मोबाइलवरून त्याच्या सेटिंगच्या पानावर गेले. ‘जवळची नेटवर्क शोधा’ दाबलं. बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि मग पान म्हणालं, काही सापडलं नाही. बरोबरच आहे. जिथं सिग्नल पोचतच नाही तिथं बसून तो बिचारा कशाचा विस्तार करणार?

मग तो स्वयंपाकघरात आणला, अंगणाकडच्या खिडकीखालच्या सॉकेटमध्ये. आता यादी आली — अख्ख्या गल्लीचे वायफाय, त्यात आमचाही. पासवर्ड घातला. दोन बँडपैकी जास्त वेगाचा निवडला. खिडकीजवळ फोन सुसाट, मागच्या खोलीत पुन्हा शून्य. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"जाड भिंतीतून कमी फ्रिक्वेन्सी बरी जाते," मी दुसरा बँड निवडत म्हटलं.

"हे पोरांले शिकवतं ना तू?" बाबांनी विचारलं. "मंग मघाशी काहून नाई आठवलं?"

पुष्कळ दिवसांनी त्यांनी माझी अशी फिरकी घेतली होती.

शेवटी नाव द्यायचा रकाना आला. एक्सटेंडरला घरच्या वायफायचंच नाव ठेवता येतं, पण मग फोन लांबच्या राउटरलाच चिकटून बसतो असा माझा अनुभव होता. म्हणून मी वेगळं नाव द्यायचं ठरवलं, आणि बाबांच्या सांगण्यावरून इंग्रजी अक्षरांत ‘मागची खोली’ असं लिहिलं. त्यांच्या फोनमधून घरचं नेटवर्क पुसून टाकलं. हे नीट लक्षात ठेवा — त्यांच्या फोनला आता जगात एकच वायफाय माहीत होता, या डब्याचा. त्यांच्या सिमवर फक्त बोलण्याचा पॅक, मोबाइल डेटा बंद. डब्यावर हिरवा दिवा लागला आणि पाच मिनिटांत मागच्या खोलीतून सलीमकाकांचा आवाज ऐकू आला.

"वामनराव, जिंदा हो क्या? मले वाटलं हरायच्या भेवानं गाव सोडलं तुमी."

त्या दिवशी बाबांनी एक पोळी जास्त खाल्ली.

त्यानंतर मजा अशी, की बाबा रोज दुपारी आपल्या दारात येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो हिरवा दिवा बघायचे. लाइट गेली असेल तर डबा अर्थातच बंद, मग खेळ बंद. राउटर इन्व्हर्टरवर चालू असला तरी काही उपयोग नाही. हा प्रयोग आमच्याकडे भारनियमनाने मला इतक्या वेळा करून दाखवला आहे, की त्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. डबा बंद म्हणजे मागच्या खोलीत वायफाय नाही.

आता खंडेनवमीची गोष्ट. बाबांच्या घरी हा दिवस दसऱ्यापेक्षा मोठा. हत्यारांची पूजा होते आणि पूजेला मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, त्याला आराम. आई असताना आदल्या दिवशीच भाज्या चिरून ठेवायची, कारण विळी पाटावर जाणार. आमच्या घरी मी हे इतकं कडक पाळत नव्हते, पण बाबा आल्यापासून पाळते. त्यांचा टी-स्क्वेअर, कंपासपेटी, विलासचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, माझी पुस्तकं, विळी, कात्री, सगळं देवघरापुढं पाटावर मांडलं. विलासने सकाळी गाडी धुतली, तिला हार घातला. गाडीसुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत काढायची नाही.

बाबा पाटाकडे बघत राहिले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन एक्सटेंडर उपटून घेऊन आले.

"बाबा, तो कशाला? तुमचा डाव राहील ना आज."

"एक दिवस राह्यला तं काय होते? वर्षभर राबून राह्यलं बिचारं. सलीमले कालच सांगतलं मी, उद्या याची सुटी हाये म्हणून."

त्यांनी डब्याला हळदकुंकू लावलं. पिनांवरसुद्धा एकेक बोट कुंकू. वरून लाल धागा गुंडाळला, झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. विलासने मला डोळा मारला. मी पण हसले.

त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक होता आणि मला उशीर झाला होता. बाबांचा नाश्ता मी नेहमीसारखा त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला होता. थोड्या वेळाने ते अंगणात दिसले तेव्हा खिडकीतूनच विचारलं, खाल्लं का? "हो हो," म्हणाले. मी पुरण वाटायच्या मागे लागले. विलास घरापुढं गाडीचे आरसे पुसत बसला होता.

दुपारचा नैवेद्य व्हायचा होता, वडे तळायला टाकले होते, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. घेतला तर सलीमकाका. आवाज एकदम घाबरलेला.

"मंजूबेटा, घरीच हायेस ना? जल्दी मागच्या खोलीत जाय. वामनराव बोलून नाई राह्यले."

"म्हणजे?"

"व्हिडिओवर दिसून राह्यले मले. खुर्चीत बसेल हायेत, मान खाली गेली. मी आवाज देऊन राह्यलो तं ऐकूच नाई राह्यले. तू जाय पहिले, बाकी बादमें."

मी गॅस बंद केला की नाही हेही मला आठवत नाही. विलासने नंतर सांगितलं, केला होता. अंगण ओलांडून मी दार ढकललं. बाबा खुर्चीत एका बाजूला कलले होते. सदरा घामाने चिंब, हात गार, डोळे अर्धे उघडे आणि त्यांत ओळख नाही. समोर टेबलावर स्टँडला लावलेला त्यांचा फोन होता आणि फोनच्या पडद्यावर सलीमकाका. मागे त्यांची बायको तोंडावर पदर धरून उभी होती. सलीमकाका दुसऱ्या हातातला मुलाचा फोन कानाला लावूनच माझ्याशी बोलत होते, त्यामुळे त्यांचा आवाज मला दोन्हीकडून ऐकू येत होता.

"साखर दे बेटा, साखर उतरली असंन. माझ्या भावाले असंच होते."

मला तेच सुचलं होतं. बिछान्याजवळ झाकलेली ताटली दिसली, नाश्ता जसाच्या तसा. म्हणजे गोळी घेतली आणि पोटात काही नाही. नैवेद्य झाल्याशिवाय खायचं नाही, हाही त्यांच्या घरचा नियम, तो मला सांगितला असता तर मी ऐकला नसता म्हणून सांगितलाच नव्हता. मी पळत साखरेचा डबा आणला, विलासला ओरडून बोलावलं, बाबांच्या गालाच्या आत बोटाने साखर चोळली. थोडी थोडी करून. त्यांनी ती गिळली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

विलासने हार घातलेली गाडी काढली आणि आम्ही त्यांना चौकातल्या दवाखान्यात नेलं. सलाइनमधून ग्लुकोज दिलं. थोड्याच वेळात बाबांनी डोळे उघडून नीट बघितलं, मला ओळखलं, खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, "गाडी काहून काढली आज?"

मी तिथंच रडायला लागले. रडत रडत त्यांना रागावले. डॉक्टरांनी मला बाहेर पाठवलं. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, आता काळजीचं कारण नाही, पण अजून तासभर कुणाच्या लक्षात आलं नसतं तर मी काही सांगू शकलो नसतो. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी सलीमकाकांना फोन केला. ते नुसतं ‘शुकर है, शुकर है’ म्हणत राहिले. मग त्यांनाही रडू आलं, आणि मग ते बाबांना शिव्या देऊ लागले. तो दिवस मी कधी विसरणार नाही.

संध्याकाळी बाबांना घरी आणलं, मधल्या खोलीत झोपवलं. दिवा लावायला देवघरापुढं आले आणि पाटावर नजर गेली.

एक्सटेंडर तिथंच होता. धागा तसाच, फूल तसंच, अक्षता हलल्या नव्हत्या. पिनांवरचं कुंकू वाळून बसलं होतं.

विलास आला, त्याने माझ्याकडे बघितलं, मग पाटाकडे. तू लावला होतास का मधे, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मी तर आत आलोच नाही. आणि लावून परत असाच ठेवला असता तर पिनांचं कुंकू राहिलं असतं का?

इथून माझ्यातली फिजिक्सची बाई जागी झाली. कारण असणारच, फक्त शोधायचं. बाबांचा फोन घेतला. मोबाइल डेटा बंदच. महिन्याचा वापर बघितला, शून्य. रेंजही नाही, म्हणजे चालू असता तरी उपयोग नव्हता. माहीत असलेल्या वायफायची यादी उघडली, त्यात एकच नाव, मागची खोली. शेजाऱ्यांचा वायफाय चुकून जोडला गेला असेल? त्याचा पासवर्ड या फोनला कधी दिलेलाच नाही. आमचा राउटर थेट पोचला असेल? फोनमध्ये तो पुसलेला, तरी मी माझा स्वतःचा फोन घेऊन खोलीत गेले. दार उघडं ठेवून बघितलं, बंद करून बघितलं, खिडकीला फोन चिकटवून बघितलं, खुर्चीवर उभी राहून बघितलं. एक कांडीही नाही. पुढच्या महिन्याभरात ढगाळ दिवशी, उन्हात, पहाटेच्या गारव्यात, सगळ्या हवेत हा प्रयोग केला. शेजारीण विचारायला लागली, मॅडम त्या खोलीत काय शोधता हो?

आणि कॉल झालाच नाही असंही म्हणता येत नाही. मी त्या पडद्यावर सलीमकाकांना बघितलं आहे, त्यांच्याशी बोलले आहे. बाबांना उचलताना फोनच्या वरच्या कोपऱ्यात वायफायचा पूर्ण भरलेला पंखा दिसल्याचंही मला पक्कं आठवतंय, तेव्हा त्याकडे लक्ष द्यायची शुद्ध नव्हती एवढंच.

पण खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. दसऱ्याला सलीमकाका मुलाच्या गाडीवर बसून, गुडघे सांभाळत, बाबांना बघायला आले. शीरखुर्मा घेऊन आले होते, मग आठवलं की साखर, आणि परत डबा झाकून ठेवला. मी विचारलं, काका, बाबांनी सांगितलं होतं ना काल खेळ नाही म्हणून, मग तुम्ही कॉल कसा लावला?

"मी कुठी लावला बेटा? कॉल तं वामनरावचाच आलता. मी उचलला."

"मी नाई लावला," बाबा म्हणाले. "मले एवढं याद हाये का फोन वाजून राह्यला अन् माह्या मनात आलं, हा आज काहून वाजते? हात उचलतच नव्हता. मी घेतला नाई अन् लावलाही नाई."

मी दोघांचे फोन घेऊन शेजारी शेजारी ठेवले. सलीमकाकांच्या फोनवर त्या वेळचा कॉल — आलेला. बाबांच्या फोनवर तोच कॉल, तेवढ्याच मिनिटांचा — आलेला. दोघांनाही आलेला, लावलेला कुणीच नाही. कंपनीच्या मदत केंद्राला विचारलं, तर तिथल्या मुलीने मला ॲप पुन्हा टाकून बघायला सांगितलं. एका इंजिनिअर भाच्याला विचारलं, तो म्हणाला, मावशी, नोंद चुकली असेल. चुकली असेल. पण बंद डब्याचं काय, तर तो म्हणाला, बंद नसेल. मी त्याला पिनांवरच्या कुंकवाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

त्या दोन म्हाताऱ्यांना मात्र या सगळ्याचं काहीच नवल वाटलं नाही. सलीमकाका म्हणाले, ज्याले वाचवायचं असते तो वायर पाह्यत नाई. बाबांनी पाटावरचा डबा उचलून हातात घेतला, धाग्यासकट, थोडा वेळ उलटापालटा करून बघितला.

"आपण सुटी देल्ली याले," ते म्हणाले. "यानं घेतली नाई."

मग त्यांनी तो नेऊन खिडकीखाली सॉकेटमध्ये लावला आणि दोघं खेळायला बसले, एकाच पटावर, समोरासमोर. सलीमकाकांनी पहिल्या दहा मिनिटांत चाल मागे घेतली.

मी अजूनही वर्गात वस्तुमानच विचारते. हा डबा मी उघडूनही बघितला आहे, आत जे असायला हवं तेच आहे. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही आणि कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी भांडणार नाही. फक्त आता मी रात्र रात्र त्यावर विचार करत नाही. मला त्यातली एक वेगळीच गोष्ट जास्त छळत होती, ती मी बाबांना दवाखान्यातच विचारली होती. चक्कर येत होती, तर मला हाक का नाही मारली? मी खिडकीत तर उभी होते.

"दिसून राह्यली होती मले तू," बाबा म्हणाले होते. "तुह्यं तळण चालू होतं. म्हटलं, कायले त्रास द्या?"

त्यावर मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नर्ससुद्धा आत येऊन बघून गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं. मारीन हाक." मी म्हटलं, पाण्यासाठीसुद्धा. म्हणाले, "पाण्यासाठीसुद्धा."

मागची खोली त्यांनी सोडली नाही, तेवढा हट्ट मी मान्य केला. पण शब्दाला पक्के निघाले. चष्मा सापडत नाही, हाक. पंख्याचा आवाज येतोय, हाक. सलीम चाल मागं घेऊन राह्यला, तू येऊन साक्ष दे, हाक. परवा चाचणीचे पेपर तपासताना मी वैतागून विलासला म्हटलं, दिवसभर नुसतं मंजू मंजू. तो नुसता माझ्याकडे बघून हसला. मला पण हसू आलं.

थांबते इथंच. बाबांची हाक आली, पाणी पाहिजे म्हणतायत. तांब्या त्यांच्या उशाशी भरलेला आहे, मीच आत्ता ठेवून आलेय. तरी जाते.